दिवस मावळायच्या आत

सिस्टरबाई गेली त्या दिवशी सकाळी आमचं भांडण झालं होतं. बादलीवरून. वर्ध्याच्या नालवाडीत आमच्याकडे नळ एक दिवसाआड येतो आणि अंगणात तोटी एकच. माझी बादली अर्धी भरली असताना तिनं ती बाजूला सारली आणि आपला पितळी गुंड लावला. मी म्हटलं, घर तुमचं असलं तरी पाणी सरकारचं आहे. ती म्हणाली, तुला तोंड फार झालं. मी म्हटलं, तुमच्याच घरात राहून झालं. ती आत गेली आणि दार आपटलं. दुपारी वरणभात आणि मुळ्याची कोशिंबीर खाऊन रोजच्यासारखी आडवी झाली. मग उठलीच नाही.

त्या संध्याकाळी घर माणसांनी भरलं होतं. त्यांच्या ख्रिस्ती देवळातल्या बाया गाणी म्हणत होत्या. मी माझ्या खोलीच्या दारात उभी राहून मावळतीकडे बघत होते. रडत नव्हते, मला रडायची सवय नाही. मी तिची वाट बघत होते. ती आत पांढऱ्या चादरीखाली आहे हे मला ठाऊक होतं, तिचे डोळे मीच मिटले होते. तरी पाय दारातून हलेनात. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं, की सकाळी ती माझ्याशी भांडली आणि दिवस मावळायच्या आत माझ्या दारात आली नाही.

बादलीचं ते भांडण अजून तसंच आहे.

तोंडावर मी तिला तुम्ही म्हणायचे. आता ती नाही, म्हणून मी तिला ‘ती’ म्हणते. मला वाटतं तिला चाललं असतं. नसतं चाललं तर भांडली असती, आणि संध्याकाळी आली असती.

ती मिशनच्या दवाखान्यात नर्स होती. मी तिच्या घरात भाड्यानं आले तेव्हा नोकरीतून मोकळी होऊन तिला बरीच वर्षं झाली होती, तरी सगळा मोहल्ला तिला सिस्टरबाईच म्हणायचा. लग्न केलं नाही. मी एका वसतिगृहात पोळ्या लाटत होते, नवरा वारला होता, मुलगा पुण्याला. मला एक खोली आणि चुलीपुरती जागा हवी होती. पहिल्याच दिवशी तिनं विचारलं, "भांडते का?" मी म्हटलं, वेळ आली तर भांडते. ती म्हणाली, "मंग राह्य. चूप राह्यनारी बाई मले घरात नाई पाह्यजे. चूप बाईचं पोटात राह्यते."

ती पक्की ख्रिस्ती होती. मी नाही. मी आमच्या घरचे देव पुसते, एकादशी पाळते, कधी विसरते. तिनं मला बाटवायचा प्रयत्न केला नाही. फक्त तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला तेव्हा रोज सकाळी तिचं शास्त्र मला वाचायला लावलं. मी चौथीपर्यंत शिकलेली. त्यातली नावं माझ्या जिभेवर बसायची नाहीत. ती म्हणायची, नाव सोड, पुढं वाच, देवाला माहीत आहे कोण होता तो.

तिचं सगळं वागणं एका गोष्टीवर उभं होतं. ती म्हणायची, दिवस हा देवाच्या घरून आलेला डबा आहे. शेजारणीनं काही पाठवलं तर तिचं भांडं आपण रिकामं परत करतो का? नाही करत. चिमूटभर साखर तरी घालतो. तसा दिवस परत करताना त्यात काहीतरी घालून द्यायचं. आणि खरकटा तर द्यायचाच नाही. खरकटं म्हणजे राग. तिच्या शास्त्रात लिहिलं आहे, की सूर्य मावळेपर्यंत राग धरून बसू नये. पुष्कळांच्या शास्त्रात पुष्कळ लिहिलेलं असतं. हिनं ते अगदी घड्याळासारखं धरलं होतं.

त्यात गंमत अशी, की देवानं तिला स्वभाव दिला होता मिरचीचा. सकाळी दूधवाल्यापासून सुरुवात व्हायची. मग भाजीवाली, मग कचऱ्याची गाडी, मग मी. रविवारी उपासना झाली की पाळकसाहेबांशी, उपदेश लांबला म्हणून. ती म्हणायची, तुम्ही बोलून राह्यले तवा लोकायचा दिवस जाऊन राह्यला. दुपारी झोप. झोपेबद्दल तिला कधी कमीपणा वाटला नाही. झोपसुद्धा त्याच दिवसात आली आहे ना, मग ती कशाला टाकायची, असं तिचं म्हणणं. चार वाजता उठून चहा घ्यायची आणि बोटांवर मोजत आठवायची, आज कोणाकोणाशी झालं. मग लुगड्याचा पदर खोचून निघायची.

ती संध्याकाळची पळापळ बघायला लोक दारात उभे राहायचे. हिवाळ्यात दिवस लहान, तेव्हा तिची फार धावपळ. मी म्हणायचे, बाई, थंडीत कमी भांडत जा. ती म्हणायची, थंडीतच लोक जास्त चुकतात. पावसाळ्यात ढगांमागे सूर्य दिसायचा नाही, तेव्हा ती मला माझ्या मोबाईलवर बघायला लावायची, आज सूर्य किती वाजता जाणार. ज्यांच्याशी भांडण झालं त्यांच्या दारात जाऊन ती उभ्या उभ्या म्हणायची, "सलाम. सकाळी मी बोलली ते चुकलं. माफ करा." हातात दोन संत्री द्यायची आणि पुढच्या दारात. संत्र्यांचा हंगाम नसला तर केळी, नाहीतर गुळाचा खडा. चूक कोणाची होती हा प्रश्न तिला नव्हता. दूधवाला पाणी घालायचा हे सगळ्यांना माहीत होतं. ती त्याला म्हणायची, तू पाणी घालतोस ते तुझं तू देवाला सांग, मी तुला चोर म्हटलं ते माझं आहे.

एकदा नाक्यावरून येताना तिचं ऑटोवाल्याशी वाजलं. तो गाडी वेडीवाकडी चालवत होता. घरी आल्यावर हिला आठवलं, की आपण त्याच्या बापापर्यंत गेलो. तोवर तो सेवाग्रामच्या सवाऱ्या घेऊन निघून गेलेला. ही दुसरा ऑटो करून त्याच्या मागे. मलाही बसवलं. हा दुसरा पोरगा कानाला मोबाईल लावून एका हातानं चालवत होता. अर्ध्या रस्त्यात हिनं त्याचाही बाप काढला. शेवटी सेवाग्रामला पहिला सापडला, तेव्हा दोघांना शेजारी उभं करून तिनं दोघांची एकदमच माफी मागितली. ते दोघं एकमेकांकडे बघत होते. पहिला मला हळूच म्हणाला, "मावशी, बाईची तब्येत ठीक आहे ना?" मी म्हटलं, तब्येत ठणठणीत आहे, म्हणून तर हे चाललंय. परत येताना कोणाच्या ऑटोत बसायचं यावरून त्या दोघांचं भांडण झालं.

समोर एक रिटायर कंडक्टर राहतात. बायको गेली, सुना नागपूरला. हा माणूस रोज सकाळी मुद्दाम काहीतरी खुसपट काढायचा. तुमच्या कडुलिंबाची पानं आमच्या अंगणात पडतात. तुमच्या प्रार्थनेचा आवाज आमच्या टीव्हीपर्यंत येतो. सिस्टरबाई तिथल्या तिथं चांगलं ऐकवायची. संध्याकाळी तो पँट-शर्ट घालून, केस विंचरून ओट्यावर बसलेला. ती यायची, माफी मागायची, संत्री द्यायची. तो म्हणायचा, आलाच आहात तर चहा घ्या. ती म्हणायची, अजून तीन घरं बाकी आहेत. पण घ्यायची.

मी तिला एकदा सांगितलं, बाई, तो भांडण उकरून काढतो, तुम्ही यावं म्हणून. ती म्हणाली, "मले काय समजत नाई का? त्याचा दिवस तेवढाच भरते. भरू दे."

ती गेल्यावर तो महिनाभर माझ्याकडे येऊन भांडायचा. कडुलिंब, नाली, सगळं. मी पण बोलायचे. पण संध्याकाळी मी काही गेले नाही. माझ्याच्यानं ते होत नाही. हळूहळू त्यानं भांडायचं सोडलं. आता आम्ही एकमेकांना बघून मान हलवतो. पाचसाडेपाचला तो अजूनही केस विंचरून बसतो आणि मी दारात. मधे रस्ता. त्या वेळेला मला चहा गोड लागत नाही. कारण विचाराल तर सांगता येणार नाही.

आणखी सांगायचं तर उद्या हा शब्द तिला चालायचा नाही. नवं लुगडं आणलं की त्याच दिवशी नेसायचं. पाहुण्यांसाठीच्या कपबशा म्हणून वेगळ्या ठेवायच्या नाहीत, मी आणि ती त्यातच चहा प्यायचो. नाताळातल्या करंज्या नाताळापर्यंत टिकायच्या नाहीत, कारण ती तळतानाच वाटत सुटायची. मी म्हणायचे, पाळकसाहेब येतील तेव्हा काय द्याल? ती म्हणायची, तेव्हाचं तेव्हा तळू, तू आहेसच. म्हणजे तळायला मी.

कोणी आजारी आहे असं कळलं तर चप्पल घालता घालता निघायची. म्हाताऱ्यांची नखं कापून द्यायची. एखाद्या बाईनं म्हटलं, सिस्टरबाई, मुलाला ताप आहे, उद्या दवाखान्यात नेते, तर ही तिच्या हाताला धरून उठवायची. म्हणायची, उद्या कोणी पाह्यला? दवाखान्यात तिनं उद्याचे फार लोक पाहिले होते. उद्या आणू, उद्या दाखवू म्हणणारे. त्यातले कितीक तिच्या हातावर गेले होते. तो राग तिच्यात कायमचा होता, आणि तो कुठल्या संध्याकाळी मावळत नव्हता. हे मला पवनारच्या प्रकरणानंतर समजलं.

पवनारला तिची धाकटी बहीण होती. एकुलती एक सख्खी. तिनं तरुणपणी एका शेतकऱ्याच्या घरात लग्न केलं आणि त्यांचे देव घेतले. सिस्टरबाईनं लग्नाच्या दिवशी मांडवात भांडण केलं होतं, आणि त्याच दिवशी ऊन उतरायच्या आत पंगतीत बसून बुंदी खाल्ली होती. त्यानंतर दोघींचं चांगलं होतं. बहिणीचा नवरा भाजी पिकवायचा. वर्ध्याच्या बाजारात आला की आमच्याकडे वांगी, मेथी टाकून जायचा. कमी बोलणारा माणूस होता. सिस्टरबाई त्याच्याशी भांडायला बघायची, तर तो हसायचा. तिला त्याचं फार वाईट वाटायचं, की याच्या दारात जायला काही निमित्तच सापडत नाही.

एका दुपारी बहिणीचा फोन आला. यांना घाम फुटला आहे, डावा हात जड पडला आहे. सिस्टरबाईनं सांगितलं, आत्ताच्या आत्ता गाडी कर आणि दवाखान्यात आण, मी पुढं जाऊन थांबते. ती दवाखान्याच्या फाटकात अंधार पडेपर्यंत उभी होती. कोणी आलं नाही. फोन लागेना. पहाटे कळलं, तो गेला.

आम्ही दोघी पवनारला गेलो. अंगणात बायका बसलेल्या, मधे बहीण. सिस्टरबाई पुढं गेली, त्याच्या कपाळावर हात ठेवला, आणि सगळ्यांसमोर बहिणीला म्हणाली, "मी आजच आन म्हटलं व्हतं. उद्या उद्या करून मारला तू त्याले."

बहिणीनं वर बघितलं आणि परत खाली.

माणसं नदीवर जाऊन आली. दिवस कलला तशी सिस्टरबाईची चुळबूळ सुरू झाली. मला कळलं ही आता काय करणार. मी पदर ओढला, म्हटलं, बाई, आज नका. तिनं ऐकलं नाही. बायकांतून वाट काढत बहिणीपुढे जाऊन बसली आणि म्हणाली, मी बोलली ते चुकलं, माफ कर. बहीण म्हणाली, "केलं. जा."

आम्ही बसनं परत आलो. मी म्हटलं, झालं ना तुमचं, आता जेवा. ती जेवली नाही.

त्यानंतर ती पवनारला जाऊ लागली. आठवड्यातून एकदा, कधी दोनदा. संध्याकाळची बस, हातात संत्री. तिला कमी दिसायचं म्हणून मला जावं लागायचं. घर रस्त्यालाच आहे. बहीण खिडकीतून बघायची आणि आत बोलवायची नाही. ही ओट्याखाली उभी राहून म्हणायची, माफ कर. ती आतून म्हणायची, "केलं माफ. जा, बस चुकन." संत्री ओट्यावर ठेवून आम्ही वर्ध्याची शेवटची बस धरायचो. ती बस दिवस मावळता मावळता यायची. तिच्या नियमाला ती बस फार सोयीची होती.

एवढं होऊनही तिला चैन नव्हतं. तिनं पाळकसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, तुम्ही माफी मागितली, तुमचं कर्तव्य झालं, आता पुढचं त्यांच्यावर. ती त्यांच्यावर भडकली. म्हणाली, मी काय विजेचं बिल भरून राह्यली का, की भरलं, झालं? संध्याकाळी मात्र त्यांची माफी मागायला जावं लागलं.

मी तिला रोखठोक सांगितलं, बाई, ती नुसती तोंडानं माफ म्हणते, तुम्हाला वाटेला लावायला. ती म्हणाली, मला माहीत आहे. मी म्हटलं, मग कशाला जाता? तिनं पिशवीत संत्री भरली.

मग एक दिवस तिथंच उलगडा झाला. त्या दिवशी बसला उशीर झाला होता आणि सूर्य पार खाली गेला होता. सिस्टरबाई बसमधून उतरून जवळजवळ पळतच गेली. धापा टाकत म्हणाली, माफ कर. बहीण पहिल्यांदा दार उघडून बाहेर आली. शांतपणे म्हणाली, "काऊन पळत आली? सूर्य चालला म्हनून ना? तुले माहे डोळे पुसाचे नाई, ताई. तुले तुहा दिवस पुसाचा हाय."

सिस्टरबाई संत्री ओट्यावर ठेवायला वाकली.

बहीण म्हणाली, "लहानपनापासून पाहून राह्यली मी. भांडाची तू, अन् माफीबी तूच मागाची. समोरच्याले बोलाले जागाच नाई ठेवत. दिवस बुडाल्यावर येशीन का कधी? तवा येजो." आणि दार लावलं.

बसमध्ये मी तिच्या शेजारी बसले होते. मला वाटलं, आता बहिणीवर भडकेल. ती हातांकडे बघत होती. तिचे हात मोठे, नर्सचे, नखं कायम बारीक कापलेली. तिनं मला विचारलं, "खरं म्हनते का वो ती?" मी म्हटलं, मला काय विचारता, माझ्याकडेही तुम्ही अशाच येता. दोन संत्री आणि पुढचं घर. ती म्हणाली, मग तू बोलली काऊन नाही? मी म्हटलं, तुम्ही थांबता कुठं?

हे मी तिला लागावं म्हणून बोलले नव्हते. खरं होतं ते बोलले.

पुढचे काही दिवस ती बिघडलेल्या घड्याळासारखी होती. संध्याकाळी पदर खोचून उभी राहायची आणि परत बसायची. दिवस बुडाल्यावर ये म्हणजे राग घेऊन सूर्याला जाऊ द्यायचं. देवाला खरकटा डबा परत द्यायचा. इतकी वर्षं तिनं तो नियम मोडला नव्हता, तापानं फणफणली होती तेव्हाही नाही. तेव्हा मला निरोप्या म्हणून घरोघर पाठवलं होतं. एकीकडे तिचा देव आणि एकीकडे तिची बहीण, असं तिला वाटत असावं. तिनं मला शास्त्रातलं ते पान पुन्हा पुन्हा वाचायला लावलं. पान काही बदललं नाही.

एका दुपारी ती झोपली नाही. म्हणाली, चल पवनारला. मी विचारलं, संत्री घेऊ? म्हणाली, नको. मी विचारलं, परत कोणत्या बसनं येऊ? ती म्हणाली, "पाहू." हा शब्द मी तिच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला.

आम्ही पोचलो तेव्हा चांगलं ऊन होतं. बहीण ओट्यावर सूप घेऊन तांदूळ निवडत बसली होती. खूप वाळली होती. आम्हाला बघून म्हणाली, "आज लवकर आली. म्हन काय म्हनाचं ते, अन् जा."

सिस्टरबाई ओट्याच्या पायरीवर बसली. काही म्हणाली नाही.

मी जरा बाजूला खांबाला टेकून बसले. समोर रस्ता, त्यापलीकडे शेतं, त्यामागे सूर्य. ट्रक जात होते. बहीण तांदळातले खडे काढून अंगणात टाकत होती. मला अशी बसायची सवय नाही, माझे गुडघे धरले. सूर्य बाभळींच्या शेंड्याला लागला तशी सिस्टरबाई अस्वस्थ झाली. तिचे ओठ हलायला लागले. प्रार्थना करत होती की माफी तोंडात येत होती, कोणास ठाऊक. पदराचं टोक तिनं मुठीत धरून पिळलं होतं. मी तिला कितीतरी संध्याकाळी सूर्याच्या पुढं पळताना बघितलं होतं. एका जागी बसून त्याला जाताना बघताना कधी बघितलं नव्हतं. मला राहवलं नाही. मी हळूच म्हटलं, बाई, दिवस चालला.

ती म्हणाली, "जाऊ दे."

सूर्य बाभळींमागे गेला. मग लाल होता तेवढाही गेला. बहिणीचे हात सुपात थांबले होते. तिनं मावळतीकडे बघितलं, मग सिस्टरबाईकडे. उठून आत गेली. देवापुढं दिवा लावला, ओट्यावरचा बल्ब लावला, आणि परत येऊन बसली. या वेळी सूप घेतलं नाही. सिस्टरबाईच्या पायरीवरच बसली, जरा अंतर ठेवून.

"आता?" ती म्हणाली.

"आता काय. बसली हाओ."

"माफी?"

"नाई आनली आज," सिस्टरबाई म्हणाली.

रस्त्यावरून बैलगाडी गेली, तिचा खडखडाट लांब जाईपर्यंत दोघी ऐकत बसल्या. मग बहीण म्हणाली, "तुले काय वाटते, मी त्याले उद्या म्हटलं?"

सिस्टरबाईनं मान वळवली.

"मी चपला घालून उभी व्हती, ताई. शेजारच्या पोराले गाडी सांगून आली व्हती. हे म्हने, वांगे तोडून ठेवले, उद्या बाजारात जाचंच हाय, तवाच दाखवून देतो. मी हात धरून ओढलं. मले म्हने, तू घाबरट हाय. असं म्हनून हसले." ती थांबली. "अन् तू सगळ्यायच्या समोर म्हटलं. अन् मंग माफ कर म्हने. मी काय माफ करू? जे मी केलंच नाई ते?"

मी सिस्टरबाईकडे बघत होते. तिचं तोंड उघडलं. मला माहीत होतं कोणता शब्द येतोय, इतकी वर्षं ऐकलेला. तो तिच्या ओठांवर आलेला मला दिसला. तिनं तो गिळला. अवघड गेलं तिला.

"हात कोनता धरला व्हता तू?" तिनं विचारलं.

"उजवा. डावा दुखत व्हता ना त्याचा."

"मंग?"

"मंग हे खाटेवर बसले. मले म्हने, चहा ठेव."

"ठेवला?"

"ठेवला," बहीण म्हणाली, आणि पहिल्यांदा तिचा आवाज फुटला. सिस्टरबाई अंतर सोडून तिच्याकडे सरकली, पण तिला धरलं नाही, गप्प कर म्हटलं नाही, काही शिकवलं नाही. नुसती तिच्या तोंडाकडे बघत राहिली. मोतीबिंदूच्या डोळ्यांनी तिला त्या बल्बच्या उजेडात कितीसं दिसत असेल.

त्या दिवशी बसला उशीर होता. आता कुठे ती वळणावर दिसली. मी सवयीनं अर्धी उठले आणि परत बसले. बसचा उजेड ओट्यावरून फिरला, दोघींच्या तोंडावरून सरकला आणि वर्ध्याच्या बाजूला निघून गेला. एकीनंही मान वर केली नाही.

"मंग," सिस्टरबाई म्हणाली, "चहा घेतला का त्यानं?"